गोंदाची माणसं

आमच्या वहिनीला स्वतःसाठी काही घे म्हणून सांगणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घेणं. आपण घसा कोरडा करायचा आणि तिनं "बघू हं, वन्सं" म्हणून पुन्हा कामाला लागायचं. घरात चार जणांचा चहा झाला की कान तुटलेला कप तिचा. ब्रेडचं करपलेलं टोक तिचं, फाटक्या अभ्र्याची उशी तिची. मी तिची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला हक्क आहे आणि तो मी आजवर कधी सोडलेला नाही. पण ही खोड काही माझ्याच्यानं सुटली नाही, आणि ह्याच खोडीपायी आमच्या आईचा जीव जायची वेळ आली.

वहिनी खोक्यांच्या कारखान्यात कामाला आहे. घड्याळांची खोकी, अत्तराच्या बाटल्यांची खोकी, असली सगळी नाजूक कामं. पुठ्ठा कापून येतो आणि ह्या बायका तो दुमडून गरम गोंदानं चिकटवतात. गोंद म्हणजे मेणबत्तीसारख्या पांढुरक्या कांड्या असतात. पिस्तुलाच्या आकाराच्या यंत्रात मागून कांडी घालायची, वीज लावायची, आत ती वितळली की घोडा दाबायचा, नळीतून गोंदाची धार येते. लग्न करून आमच्या घरी आली तेव्हापासून ती हेच करते आहे. माझा भाऊ म्हणतो, हिला झोपेत उठवून पुठ्ठा दिला तरी खोकं करून परत झोपेल. भाऊ म्हणजे आमचा बाळू. पन्नाशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी घरात तो बाळूच.

आईला विसर पडायला लागला तो हळूहळू. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. बाळूला ओळखायची, मला ओळखायची, बाळूची मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती तिचंही नाव घ्यायची. पण सून तिच्या डोक्यातून साफ पुसली गेली. जी तिला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, अंथरूण बदलायची, तिलाच आई अगदी अदबीनं "बाई" म्हणायची. "बाई, तुम्ही फार करता हो," असंही म्हणायची. वहिनी "असू दे हो आई" म्हणायची आणि ओट्याकडे तोंड फिरवायची. मला ते बघवत नसे. मी एकदा आईवर चिडले, "अगं, सून आहे तुझी!" तर आईच घाबरली आणि रडायला लागली. मग वहिनीनं मला डोळ्यांनीच गप्प केलं.

आईला सगळ्यात जास्त छळायची ती काळजी. बाळू कुठं गेला, नात कुठं गेली, सगळे आले का? उत्तर द्यावं, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. शिवणकाम करते. वहिनी कारखान्यात गेली की मशीन वर नेऊन मी आईपाशी बसायची, आणि संध्याकाळपर्यंत "बाळू कुठं गेला" ऐकून ऐकून माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा.

ह्यावर उपाय वहिनीनं काढला. कारखान्यातल्या वाया गेलेल्या पुठ्ठ्याचं तिनं एक घर केलं, वरून उघडं, आत आमच्या खोल्या जशाच्या तशा. आईचा पलंग, ओटा, गॅलरी. शेजारी वेगळी खोकी: एक बाळूचं ऑफिस, एक नातीचं कॉलेज, एक माझी खालची खोली. आणि त्यात ठेवायला माणसं, अंगठ्याच्या पेराएवढी, गोंदाची. बाळू ऑफिसला निघाला की आईच्याच हातानं त्याचं माणूस उचलून ऑफिसच्या खोक्यात उभं करायचं. मग आई विचारायची थांबायची. वाटलं की वाकून बघायची आणि स्वतःशीच म्हणायची, "ऑफिसात आहे." मी आधी हसले होते. पहिल्याच आठवड्यात माझं हसू गेलं, कारण मला दुपारी निवांत दोन ब्लाउज शिवता यायला लागले.

माणसं कशी करायची ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. आधी मुलांच्या खेळण्यातल्या मातीचं एक माणूस घडवायचं. मग बाथरूमच्या फरशीच्या फटीत भरायचं सिलिकॉन मिळतं, ते नळीतून काढायचं, त्यात कॉर्नफ्लोअर घालायचं आणि हात साबणाच्या पाण्यात बुडवून मळायचं. वास असा येतो की खिडकी उघडावी. त्या गोळ्यात मातीचं माणूस दाबायचं. गोळा घट्ट झाला की माणूस काढून घ्यायचं, मागं त्याच्या आकाराचा खळगा उरतो, तोच साचा. आतून साबणाचा पुसट हात फिरवायचा, म्हणजे बारीक भाग अडकत नाहीत, आणि मग गोंद सोडायचा, अगदी सावकाश. घाई केली की कोपऱ्यात हवा अडकते आणि माणसाचा एखादा हात येतच नाही. नुसता गोंद फार हलका, माणूस उभं राहत नाही, म्हणून गोंद गरम असतानाच पायाशी एक लोखंडी नट बुडवायचा. मग सगळं थंड पाण्यात, आणि शेवटी साचा वाकवून माणूस बाहेर. वर नखांचा रंग नाहीतर पोस्टरचा रंग.

बाळूला तिनं पोट दिलं. मला चष्मा दिला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. मी म्हटलं, "मी अशी उभी राहते?" तर बाळू इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि मी उत्तर द्यायला म्हणून बघते तर माझे हात खरंच कमरेवर होते.

नात झाली, दूधवाला झाला, वरच्या मजल्यावरचे पेटीवाले मास्तर झाले. वहिनी स्वतः तेवढी राहिली. विचारलं तर म्हणे, मला कशाला. मी सोडून दिलं. पण एके दुपारी वहिनी कामावर असताना आई त्या घरात बराच वेळ वाकून बघत बसली, आणि मला म्हणाली, "त्या बाई कुठं ठेवल्या?" मी संध्याकाळी वहिनीला हे सांगितलं. ती स्वयंपाक आवरल्या आवरल्या यंत्र घेऊन बसली.

आता ऐका, ही बाई कशी आहे ते. नट संपले होते, शेवटचा दूधवाल्याच्या पायात गेला होता. उद्या आणू म्हणावं की नाही? नाही. बिननटाची केली. भांड्यांचा साबण तळाला गेला होता, तर साच्याला लोण्याच्या कागदाला उरलेलं लोणी चोळलं. रंगही दिला नाही, म्हणाली, "असू दे, माझीच आहे." पहिली बाहुली बिघडली, डावा हातच आला नाही, ती तिनं बाजूला टाकली आणि दुसरी काढली. दुसरीला दोन्ही हात नीट आले. दुधी रंगाची, अर्धी आरपार दिसणारी. उभी राहीना, म्हणून पुठ्ठ्याच्या ओट्याला टेकवून ठेवली. बाकी कुणाच्या बाबतीत तिनं असं काही केलं नसतं. दूधवाल्याच्या टोपीला सुद्धा तिनं दोन हात रंग दिला होता.

आईला ती बाहुली आवडली. बाकीची माणसं ती ज्याच्या त्याच्या जागी ठेवायची, ही मात्र मुठीत घेऊन बसायची.

त्या शनिवारी सगळे घरी होतो. दुपारची जेवणं झाली होती. वहिनी गॅलरीत कपडे वाळत घालत होती, मी भांडी पुसत होते, बाळू आईजवळ पेपर वाचत होता. म्हणजे पेपर तोंडावर होता आणि आतून घोरण्याचा आवाज येत होता. मी आईला पाणी द्यायला गेले. तिनं घोट घेतला आणि तो तसाच हनुवटीवरून खाली आला. मी पुसलं, पुन्हा दिला, पुन्हा बाहेर आला. डोळे मोठे झाले होते, हात गळ्याशी. तोंडातून सारखी लाळ गळत होती, गिळताच येत नव्हतं तिला. "आई, काय झालं?" म्हटलं तर फक्त माझ्याकडे बघत राहिली.

वहिनी ओल्या हातानं धावत आली. तिनं आईचं तोंड उघडून आत पाहिलं, काही दिसलं नाही. मग तिनं पुठ्ठ्याच्या घराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा फटक पडला. बाळू होता, मी होते, नात कॉलेजात होती, मास्तर, दूधवाला, सगळे होते. ओट्याशी टेकवलेली तेवढी नव्हती.

"माझी गेली," ती म्हणाली. "वन्सं, आईंनी माझी खाल्ली."

आम्ही पलंगाखाली पाहिलं, उश्या झटकल्या, आईच्या गाऊनचे खिसे उलटे केले. बाळू नुसता उभा राहून "असं कसं, असं कसं" करत होता. मी त्याला म्हटलं, "बाळू, रिक्षा आण," तेव्हा कुठं हलला.

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आवाज शांत, काम भराभर. त्यांनी आईला तपासलं, छातीचा आणि मानेचा एक्स-रे काढायला लावला. आम्ही बाहेरच्या बाकावर. आईला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं आणि वहिनी तिची लाळ टिपत होती, टिपलं की पुन्हा यायची. एक्स-रे आला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडाच्या पाटीवर लावला आणि म्हणाल्या, "ह्यात काही दिसत नाही."

बाळूनं एवढा मोठा श्वास सोडला. "म्हणजे काही नाही ना? चला, घरी न्यायची का?"

"ती दिसणारच नाही," वहिनी म्हणाली. आवाज इतका बारीक की डॉक्टरीणबाईंना पुन्हा विचारावं लागलं. मग तिनं पदरात बांधून आणलेलं बाळूचं माणूस काढून दाखवलं. "हे असं आहे. ह्याच्या पायात लोखंडी नट आहे. तो दिसला असता. माझ्या बाहुलीत नट नाही. नुसता गोंद आहे."

डॉक्टरीणबाईंनी ते माणूस बोटांत दाबून पाहिलं. रबरासारखं दबलं. "बरोबर आहे, नुसता गोंद एक्स-रेत येणार नाही," त्या म्हणाल्या. "मग दुर्बीण घालून बघावं लागेल. पण आजींचं हृदय बघता गुंगीचं औषधसुद्धा त्यांना जड जाऊ शकतं. आत काही अडकलं असेल तर काढायलाच हवं, नाहीतर ते सरकून श्वास कोंडेल. आणि नसेलच, तर मी उगाच हा धोका पत्करायला सांगणार नाही. घसा नुसता खरचटला असला तरी असंच होतं. तुम्ही मला खात्रीनं सांगा, ती वस्तू घरात कुठंच नाही ना?"

खात्रीनं कोण सांगणार? आम्ही अर्धवट शोधून धावत आलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणीतरी जाऊन नीट बघा, तोवर मी घशाच्या डॉक्टरांना बोलावून ठेवते. बाळूला पाठवलं. घर काही लांब नव्हतं.

तो गेल्यावर वहिनी माझ्याशेजारी बसली. मांडीवर दोन्ही हात, जसे कुणी ठेवून गेलंय. "लोणी लावलं होतं वन्सं मी," ती म्हणाली. "वास आला असेल त्यांना. रंग पण नव्हता. गोळीच वाटली असेल. बाकी एकालाही मी लोणी लावलं नव्हतं, एकालाही नाही."

"गप्प बस," मी म्हटलं.

"मीच मारलं त्यांना."

"मेली नाहीये ती अजून. तुझ्या तोंडात काय येतंय त्याचं भान ठेव." मी जरा जोरातच बोलले. समोरच्या बाकावरचे लोक बघायला लागले. खरं सांगायचं तर मला रागच आला होता, तिचा, बाळूच्या घोरण्याचा, त्या लोण्याच्या कागदाचा. आणि राग नसता तर मी तिथंच हंबरडा फोडला असता. आई आमच्याकडे बघत नव्हती. एका हातानं खुर्चीची कड धरून एकेक श्वास मोजल्यासारखा घेत होती.

माझा फोन वाजला. बाळू. मी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"सापडली!" बाळू ओरडला. "तायडे, सापडली! फ्रीजच्या मागं होती. पांढरी, बिनरंगाची. मी हातात धरलीय."

मी बाकावर मागं टेकले आणि डोळे मिटले. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. "चला," त्या म्हणाल्या, "मग दुर्बीण नको. घशाला सूज असेल, मी औषध देते, आज इथंच ठेवू." आणि त्या वळल्याही.

वहिनीनं माझ्या हातातून फोन घेतला. "अहो," ती म्हणाली, "तिचे हात बघा."

"काय?"

"बाहुलीचे हात. दोन्ही आहेत का?"

बाळू म्हणाला, "एकच आहे गं. डावा नाहीये. तुटला असेल पडल्यावर."

"तुटलेला नाही," वहिनी म्हणाली. "तिथं बोट फिरवून बघा. गुळगुळीत आहे ना?"

"हो. गुळगुळीतच आहे."

"ती बिघडलेली आहे. मी टाकून दिलेली. त्या रात्री मला वाटलं टोपलीत पडली, ती फ्रीजमागं गेली असणार." तिनं फोन माझ्या हातात दिला आणि डॉक्टरीणबाईंच्या वाटेत जाऊन उभी राहिली. ही आमची वहिनी, जी दुकानात सुटे पैसे मागायला मला पुढं करते. "डॉक्टर, मी त्या दोन केल्या होत्या. चांगली सापडलेली नाही. ती आत आहे. मी खात्रीनं सांगते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग आईकडे पाहिलं. "घरच्यांपैकी कोण होकार देणार? मुलगा आहे ना?"

मुलगा फोनवर होता. मी विचारलं, "बाळू, ऐकलंस ना? काय करायचं?" तर म्हणतो, "तायडे, तिला गुंगी दिली आणि ती उठलीच नाही तर?" मी म्हटलं, "आणि नाही दिली तर?" तो रडत होता, मला ऐकू येत होतं. माझा भाऊ वाईट नाही, पण असल्या वेळी त्याचे हातपाय गळतात, लहानपणापासून तसंच आहे. सगळं माझ्यावर येऊन पडलं. एका बाजूला आईचं हृदय, दुसऱ्या बाजूला वहिनीचा शब्द. पुरावा म्हणावा तर एक न आलेला हात. आतून वाटत होतं, चुकलं तर काय, आईला आपल्या हातानं घालवलं असं जन्मभर वाटेल. मी वहिनीला विचारलं, "नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. तिची नजर हलली नाही.

"मग करा," मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, आणि सही केली. सही कुठं केली, कशी केली, काही आठवत नाही.

आईला आत नेलं. दार लागलं. बाळू येऊन पोचला, एका हाताची बाहुली अजून त्याच्या मुठीत. वहिनी भिंतीला पाठ लावून उभी होती, बस म्हटलं तरी बसेना. आतून काहीतरी यंत्र पीं पीं करत होतं. मध्येच ते भराभर वाजायला लागलं, आत पळापळ ऐकू आली, कुणीतरी कुणाला "धरा, धरा" म्हणालं. बाळूनं माझा दंड धरला, इतका घट्ट की नंतर निळा डाग होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, कारण त्यातलं निम्मं मी नंतर पाळलेलं नाही.

मग ते वाजणं पुन्हा हळू झालं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. घशाचे डॉक्टर बाहेर आले, कपाळावर घाम, हातात स्टीलचं छोटं तबक. त्यात ती होती, दोन हातांची, दुधी, पोटाशी दाबली गेलेली, डोक्यावर दातांच्या खुणा.

"अन्ननलिकेत मधेच अडकली होती," ते म्हणाले. "आणखी थोडी वर सरकली असती तर कठीण होतं. एकदा ठोके बिघडले होते, आता ठीक आहेत."

मी वहिनीला मिठी मारायला गेले, तर ती तिथं नव्हतीच. ती जिन्यापाशी जाऊन ओकत होती.

वाटलं, संपलं. पण कुठलं संपायला. आई शुद्धीवर आली, बाळूला ओळखलं, मला ओळखलं, पण तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी घसा बरा आहे, काही तरी भरवा असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी वाटीतून कोमट सूप नेलं. आईनं ओठ असे मिटले की दात दिसू नयेत. मी लाडीगोडी लावली, रागावले, नातीचं नाव घेतलं. काही नाही. चमचा जवळ आला की मान फिरवायची आणि दोन्ही हात गळ्यावर धरायची. तिला भीती बसली होती. बाळूनं करून पाहिलं, "आई, एकच घोट, माझ्यासाठी." तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला आणि तोंड भिंतीकडे केलं. नर्सनं प्रयत्न केला, तर तिचा चमचा उडवून दिला. असा तो दिवस गेला, दुसराही जवळजवळ गेला. सलाईन लावलेला हात सुजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि ह्या वयात, ह्या आजारात, एकदा नळी घातली की पुन्हा तोंडानं खाणं बऱ्याचदा परत येत नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

वहिनी ह्या सगळ्यात खोलीत आलीच नव्हती. घरून डबा करून आणायची, दाराशी माझ्या हातात द्यायची आणि बाहेरच्या बाकावर बसायची. मी आत ये म्हटलं की "नको वन्सं, माझ्या हातचं नको आता." पुठ्ठ्याचं घर तिनं माळ्यावर टाकलं होतं, यंत्र कुणाला तरी देऊन टाकायचं म्हणत होती. मी पहिल्या दिवशी ऐकून घेतलं. त्या संध्याकाळी माझा संयम संपला.

"ऊठ," मी म्हटलं.

"वन्सं, नको."

"ऊठ म्हणते ना. तुझं हे कानतुटक्या कपाचं नाटक आज बंद कर. तुला वाईट वाटतंय, ठीक आहे, घरी जाऊन वाटून घे. आत माझी आई उपाशी आहे." आणि मी तिला दंडाला धरून उठवलं. समोरची माणसं बघत होती. बघू देत.

ती दारात थांबली. आई उशीला टेकून पडली होती, डोळे मिटलेले, गाल आत गेलेले. बाळू पायाशी बसला होता. मी डब्यातला कुस्करलेला बटाटा वाटीत काढला आणि वाटी वहिनीच्या हातात दिली. ती पलंगाच्या कडेवर बसली. काहीच बोलली नाही, "आ करा" नाही की "एकच घास" नाही. तिनं आधी आईच्या कपाळावरचे केस मागं सारले. मग चमच्याचं टोक भरलं, स्वतःच्या ओठाला लावून गरम नाही ना पाहिलं आणि नुसता चमचा धरून बसली.

आईनं डोळे उघडले. चमच्याकडे पाहिलं, हात गळ्याकडे निघाले. मग तिनं वहिनीच्या तोंडाकडे पाहिलं. किती वेळ पाहत होती कोण जाणे. आईचे हात गळ्यापर्यंत गेले नाहीत, मधेच वळले आणि तिनं वहिनीचं मनगट धरलं. आणि तोंड उघडलं.

गिळताना तिचा चेहरा आक्रसला, वहिनीचाही. घास खाली गेला. आई पुन्हा तिच्याकडे बघत राहिली, मनगट काही सोडलं नाही. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. मी सरळच सांगते, मला हेवा वाटला. मी पोटची पोर, मी दोन दिवस चमचा धरून उभी होते. आणि त्याच वेळी मी तोंडात पदर कोंबून रडत होते, कारण नळी टळली होती.

डॉक्टरीणबाई फेरीवर आल्या त्या तेव्हाच. दारातच थांबल्या. वाटी निम्मी झालेली बघून त्या हसल्या, आणि अशा रुग्णांना विचारतात तसं त्यांनी आईला जवळ येऊन विचारलं, "आजी, ह्या कोण तुमच्या?"

बाळूनं माझ्याकडे पाहिलं. वहिनीनं मान खाली घातली, ती वाटीतला बटाटा उगाच सारखा करत बसली. आईनं घास सावकाश गिळला. आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, पण नाव येईना, नातं येईना. शेवटी तिनं तो नाद सोडला.

"ही होय?" ती म्हणाली. "ही असते."

आणि पुढच्या घासासाठी तिनं तोंड उघडलं.